मेबलची जागा

१

सकाळी अकराला वरच्या मजल्यावरचा कूलर बंद झाला, की खालच्या नीलाताईंना कळायचं, आता इंग्रजी गाणं सुरू होणार. मे महिन्यात, नागपुरात, भर अकरा वाजता चालू कूलर बंद करणारं माणूस एकतर गवई असतं नाहीतर डोक्याने गेलेलं असतं. नंदिनी गजभियेच्या बाबतीत नीलाताईंनी आपला निकाल गेली तीन वर्षं राखून ठेवला होता.

नंदिनी एकसष्ट वर्षांची. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, मानेवाड्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी. भाऊ अंकुश पारशिवनीला असायचा, वर्षातून दोनदा फोन करायचा. बाकी रविवार सोडून दाराची बेल वाजलीच तर ती शेजारच्यांच्या कुरिअरसाठी. पण अकरा ते बारा हा तास तिचा स्वतःचा होता. वरण-भात झाकून ठेवायचा, कूलर बंद करायचा, खिडक्या लावून घ्यायच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे डावा खांदा करून मेबल रॉड्रिक्सची गाणी म्हणायची. घामाने ब्लाउज पाठीला चिकटायचा. पण कूलरच्या घरघरीत ती गाणी म्हणता येत नसत, कारण त्या गाण्यांमध्ये एक जागा होती आणि त्या जागेला शांतता लागायची.

मेबल कोण, हे आता सांगावं लागतं. एकेकाळी नागपुरात ते सांगणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढलं असतं. अजनीच्या रेल्वे कॉलनीत गार्डच्या घरी जन्मलेली ही अँग्लो-इंडियन मुलगी कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझ गायली. तिच्या दोन रेकॉर्डी निघाल्या. तिला ऐकायला परदेशी पाहुणे मुक्काम वाढवत, असं कॉलनीतले म्हातारे आजही छाती फुगवून सांगतात. मग ऐन भरात सगळं सोडून ती नागपूरला परत आली आणि दर शनिवारी संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये गात राहिली. का परत आली, हे तिने कोणालाच सांगितलं नाही.

जॅझमध्ये एक रीत आहे. गाणारा मध्ये थांबतो आणि साथीदारांना आळीपाळीने सोळा-सोळा मात्रा देतो. आता पियानोची पाळी, आता ड्रमची. मेबलही थांबायची. पण ती थांबली की पियानो थांबायचा, ड्रम थांबायचा, सगळे हात उचलून बसायचे. मेबल मान डावीकडे वळवून उभी राहायची आणि सोळा मात्रा काही म्हणजे काही वाजायचं नाही. सतराव्या मात्रेला तिचं गाणं पुढे चालू. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा लोक ती बिघडलेली समजून दुकानात परत द्यायला गेले होते. पुढे त्या सोळा मात्रांसाठीच लोक यायला लागले. कॉलनीत त्यांना ‘मेबलची जागा’ असं नाव पडलं.

नंदिनीची आई इंदूबाई मेबलच्या घरी कपडे धुवायला आणि इस्त्रीला जायची. तिच्या पदराला धरून नऊ वर्षांची नंदिनी त्या घरात शिरली आणि पुढची वीस-बावीस वर्षं तिथून फारशी बाहेर पडलीच नाही. मेबलने तिला एकेक गाणं शिकवलं. इंग्रजी शब्दांचा अर्थ कळायच्या आत ते नंदिनीच्या तोंडात बसले होते. मेबल मारायची नाही, रागवायची नाही. फक्त एकदा, शिकताना पोर त्या जागेत खुदकन हसली, तेव्हा मेबलने तिचा हात घट्ट धरला होता.

“बेटा, वो जगह अपनी नहीं है,” ती म्हणाली होती. “बस, छोड़ के रखने का.”

२

पुण्याहून अदिती नावाच्या मुलीचा फोन आला तो याच मे महिन्यात. जुन्या, विसरल्या गेलेल्या गायकांची गाणी जमवून जपून ठेवणाऱ्या एका संस्थेत ती काम करत होती. मेबलच्या रेकॉर्डी तिला मिळाल्या होत्या, पण इतक्या खरखरीत की शब्द लागत नव्हते. मेबलची गाणी जशीच्या तशी म्हणणारं एकच माणूस जिवंत आहे, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. पुढच्या गुरुवारी ती सगळं सामान घेऊन नागपूरला येणार होती. त्याआधी फोनवर रेकॉर्ड करून एक गाणं पाठवाल का, असं तिने विचारलं.

नंदिनीने ‘लेट गाडीचं गाणं’ पाठवायचं ठरवलं. फलाटावर रात्रभर गाडीची वाट पाहणाऱ्या बाईचं ते गाणं, मेबलने स्वतः बांधलेलं. फोन टेबलावर ठेवून तिने ते म्हटलं, मग पाठवण्याआधी एकदा ऐकून पाहिलं.

आवाज बरा आला होता. मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येत होती, पण त्याला इलाज नव्हता. मग जागा आली आणि टिकटिक थांबली. सोळा मात्रा काहीच नाही. सतराव्या मात्रेला गाणं आलं आणि त्याच्यामागे टिकटिकही आली. शिवाय जागेच्या आधी, दुसऱ्या कडव्याच्या शेवटाला, अजनीकडून मालगाडीचा भोंगा येत होता. तो जागेच्या उंबरठ्यावर कापल्यासारखा तुटला आणि जागा संपल्यावर त्याचं उरलेलं शेपूट ऐकू आलं.

नंदिनी हिशेबी बाई होती. आयुष्यभर आवक-जावक केलेली. तिने अदितीला फोन लावला. अदिती म्हणाली, ताई, हल्लीचे फोन स्वतःच हुशारी करतात, माणूस बोलायचं थांबलं की मागचा आवाज आपोआप कापून टाकतात. नंदिनीला ते पटलं. मुलीचं गाण्याबद्दलचं कौतुक ऐकून तर ती विषयच विसरली.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन नव्हता. नुसती ती, भिंत आणि घड्याळ. जागा आली तशी तिने मान डावीकडे न वळवता घड्याळाकडे पाहिलं. सेकंदकाटा नीट पुढे सरकत होता. त्याचा आवाज मात्र येत नव्हता. खालच्या रस्त्यावरून एक ऑटो गेला, तोही खिडकीच्या काचेतून दिसला तेवढाच.

सतराव्या मात्रेला तिचं गाणं जरा अडखळत सुरू झालं. बीपीच्या नव्या गोळीने कानात दडे बसतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. डॉक्टरांना विचारायचं, असं ठरवून तिने वरण गरम करायला ठेवलं.

३

आता खरं काय ते सांगायला हवं. नंदिनीच्या मनात गेली कित्येक वर्षं एक सल होता आणि तो मेबलशी बेइमानी वाटावा असा होता, म्हणून तिने तो कोणाला दाखवला नव्हता.

मेबल गेली त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला जुने रेल्वेवाले जमायचे आणि नंदिनी गायची. आधी शंभर खुर्च्या लागत, मग चाळीस, गेल्या वर्षी अकरा. गाणं संपलं की कोणीतरी डोळे पुसत यायचं आणि एकच वाक्य म्हणायचं, डोळे मिटले की वाटते मेबलच गाऊन राहिली. लोकांना वाटायचं याहून मोठी दाद नाही. पन्नास वर्षं घासून घेतलेल्या गळ्याची ही दाद होती, की तो गळा कोणाला दिसूच नये. नंदिनी हसून हात जोडायची आणि घरी येऊन जेवायची नाही.

सगळी गाणी मेबलची होती. शब्द तिचे, श्वास तिचे, खोकलायची सवय लपवण्यासाठी घेतलेल्या हरकतीसुद्धा तिच्या. मेबलची नव्हती अशी एकच गोष्ट त्या गाण्यांत होती, ती म्हणजे ती सोळा मात्रांची जागा. ती कोणाचीच नव्हती, रिकामी होती. मग ती आपली का असू नये?

आणि तिथे काय म्हणायचं, हेही नंदिनीला ठाऊक होतं. इंदूबाई भिवापूरकडची. मुलगी असताना मिरचीच्या खळ्यावर देठ खुडायला जायची. तिखटाने ठसका लागू नये म्हणून बाया तोंडाला पदर बांधत आणि तोंड बंद ठेवून नुसतीच चाल गुणगुणत. त्यातली एक चाल इंदूबाईने जन्मभर जपली होती. मेबलच्या मागच्या व्हरांड्यात कोळशाच्या इस्त्रीवर वाकून ती तीच गुणगुणायची, ओठ मिटून. शब्द नाहीत, नाव नाही. इंदूबाईचा आवाज कोणी कधी रेकॉर्ड केला नाही. तिला जाऊन अकरा वर्षं झाली आणि ती चाल आता जगात एकट्या नंदिनीजवळ होती. बोटांनी मोजून पाहिली तर बरोब्बर सोळा मात्रांत बसत होती.

गुरुवारी अदिती जे नेणार होती, ते कायमचं राहणार होतं. त्यात सोळा मात्रा नंदिनी असावी, इंदूबाई असावी, एवढीच तिची मागणी होती. ही मागणी फार मोठी आहे, असं तिला काही केल्या वाटेना.

४

रविवारी कृष्णकांत देशकर आले. मेबलच्या काळापासूनचे पियानोवाले, वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत गणित शिकवून निवृत्त. दर रविवारी दुपारी चारला ते येत, नंदिनीच्या छोट्या कीबोर्डवर बसत आणि दोघं सराव करत; या खेपेचा सराव गुरुवारसाठी होता. चहा झाल्यावर नंदिनीने भीत भीत आपला बेत सांगितला. ते हसतील किंवा रागावतील, अशी तिची अटकळ होती. म्हाताऱ्याने कपबशी खाली ठेवली.

“नको करू वं,” ते म्हणाले.

“काहून नको? मेबल काय आता मले रागवायले येणार आहे?”

“रागवायचा प्रश्न नाही.” त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. “चौऱ्याहत्तर सालची गोष्ट सांगतो. कोणाले सांगितली नाही आजवर. शनिवारचा प्रोग्राम होता. जागा सुरू झाली, मी हात उचलला, अन् करंगळी चुकून एका काळ्या पट्टीले लागली. एकच सूर पडला.”

त्यांनी ती पट्टी दाबली. खोलीभर सूर घुमला.

“वाजला का?” त्यांनी विचारलं.

“वाजला ना.”

“मले नाही ऐकू आला. पट्टी दाबल्याचा टक आवाज येते, बस. पन्नास वर्षं झाली. कोणत्याही पियानोवर, कोणाच्याही गाण्यात. तू गाते, तेव्हा त्या सुरावर तुझं नुसतं तोंड हलताना दिसते मले.”

नंदिनीने ती पट्टी स्वतः दाबून पाहिली. तिने विचारलं, मेबल काय म्हणाली होती? कृष्णकांतजी म्हणाले, कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली, कोणता सूर पडला ते विचारून घेतलं आणि म्हणाली, एकच ना, मग ठीक आहे. कान तपासून घेतला होता त्यांनी. डॉक्टरांनी नसेची काहीतरी भानगड सांगितली, लांबलचक नाव लिहून दिलं. तेच खरं असेल, असंही ते म्हणाले. गणिताचा माणूस होता, नसेवर विश्वास ठेवणं त्यांना सोयीचं होतं.

जाताना दारात चपला घालता घालता ते थांबले. “मह्या हातून एकच पडला होता,” एवढंच म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरले.

५

नसच असणार, असं नंदिनीने ठरवून टाकलं. तिच्या ऑफिसात एका कारकुनाला लाल शाई हिरवी दिसायची, त्याचं काय कोणी भूत केलं नव्हतं.

मंगळवारी अकराला तिने अर्धीच चाल म्हणून पाहायचं ठरवलं. ‘लेट गाडीचं गाणं’ सुरू केलं. जागा आली. घड्याळ गप्प झालं, तिने तिकडे लक्ष दिलं नाही. ओठ मिटले आणि आईची चाल धरली.

तिच्या अंगावर काटा आला तो भीतीने नव्हे. इतका स्वच्छ आवाज तिने स्वतःचा कधी ऐकला नव्हता. ना मेबलचा खर्ज, ना इंग्रजी वळण. भिवापूरच्या खळ्यावरच्या बाईच्या पोटच्या पोरीचा, जाडसर, जरासा नाकातला आवाज. हा आपला, असं तिला पहिल्यांदा कळलं आणि डोळे भरून आले. आठ मात्रा झाल्यावर ठरल्याप्रमाणे ती थांबली. गुणगुणणं मात्र आणखी एक मात्रा चालू राहिलं आणि मग विरलं.

प्रतिध्वनी, ती म्हणाली. खिडक्या बंद आहेत, खोली रिकामी आहे, घुमणारच. नऊ बाय बाराच्या, पडदे आणि गाद्यांनी भरलेल्या खोलीत कधी काही घुमलं नव्हतं, हे तिने स्वतःला आठवू दिलं नाही.

बुधवारी सकाळी कणीक मळताना ती सवयीने गुणगुणायला लागली आणि थबकली. चाल मधूनच सुरू झाली होती. सुरुवात कशी होती? तिने पुन्हा धरली, पुन्हा नवव्या मात्रेपासूनच निघाली. आधीच्या आठ मात्रा तोंडात येईनात. कणकेचे हात तसेच ठेवून ती ओट्याशी उभी राहिली आणि जन्मापासून कानात असलेली गोष्ट आठवायचा प्रयत्न करत राहिली. आईचा वाकलेला खांदा आठवला, इस्त्रीचा वास आठवला, पाणी शिंपडणारी बोटं आठवली. चाल येईना.

कोणी शहाण्याने इथे थांबायला हवं होतं, असं आपल्याला बाहेरून सहज म्हणता येतं. पण नंदिनीच्या बाजूने पाहा. एकटं राहणाऱ्या बाईला विसरभोळेपणाची जेवढी धास्ती असते, तेवढी कशाचीच नसते. तिला वाटलं, हे वय आहे. आज अर्धी गेली, उद्या उरलेली जाईल आणि मग इंदूबाईचं काहीच उरणार नाही. म्हणजे जी घाई करायची ती आता, रेकॉर्डिंगमध्येच. ओठ मिटले की जुनी सवय आपोआप पुढे येईल, जागेत आल्यावर सगळी आठवेल. तिथे ती चाल किती स्वच्छ आली होती, हे तिने कानांनी ऐकलं होतं.

६

गुरुवारी दुपारी एका जुन्या मिशन शाळेच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग झालं. शाळेला सुट्ट्या होत्या. अदितीने पंखे बंद करायला लावले, माईक लावले, कानांवर हेडफोन चढवले. पियानोवर कृष्णकांतजी बसले. त्यांनी नंदिनीकडे एकदा पाहिलं, तिने नजर चुकवली, मग त्यांनीही पुन्हा पाहिलं नाही.

पाच गाणी सरळ झाली. त्यांतल्या जागा तिने रिकाम्या सोडल्या. सहावं ‘लेट गाडीचं गाणं’. दुसरं कडवं संपलं, कृष्णकांतजींचे हात वर गेले आणि नंदिनीने ओठ मिटून चाल धरली.

आली. पहिल्या मात्रेपासून आली, सगळीच्या सगळी. तिच्या छातीतून निघून ती हॉलच्या छतापर्यंत गेली. माणसाला सुख होतं म्हणजे काय होतं, ते नंदिनीला त्या दहा-बारा सेकंदांत कळलं. आता हे राहणार, कोणीतरी कधीतरी हे ऐकेल आणि विचारेल की ही कोण. बाराव्या मात्रेला तिचं लक्ष डावीकडे गेलं. हॉलच्या त्या टोकाला, रचून ठेवलेल्या बाकांपाशी, कोणीतरी उभं होतं. चेहरा दिसला नाही. जिची पाळी आता येणार आहे असं माणूस जसं खांदे सरळ करून उभं राहतं, तशी ती बाई उभी होती. सतरावी मात्रा आली आणि नंदिनीने मान वळवून गाणं पुढे नेलं.

गाणं संपल्यावर तिने बाकांकडे पाहिलं. तिथे शाळेचा गुंडाळलेला नकाशा टांगला होता. उन्हाच्या तिरिपेने काय काय दिसतं, ती मनात म्हणाली.

अदितीने हेडफोन काढले. तिचे डोळे ओले होते.

“ताई, मी खूप गायक रेकॉर्ड केले,” ती म्हणाली. “पण इतकी शांतता कोणी धरलेली मी पाहिली नव्हती.”

नंदिनी म्हणाली, कोणती शांतता? शेवटच्या गाण्यात तर मी गायली ना जागेत. अदिती गोंधळून हसली. तिने कृष्णकांतजींकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. मग अदितीने गाणं वाजवून दाखवलं. जागा आली आणि सोळा मात्रा स्पीकरच्या पेट्यांमधून काहीही निघालं नाही. हवेचीसुद्धा सळसळ नाही. अदितीच्या समोरच्या पडद्यावरची हिरवी रेघ सपाट पडली होती.

“तुम्ही ओठ मिटून उभ्या होत्या, ताई. डावीकडे बघत. अगदी जुन्या फोटोतल्या मेबलसारख्या.”

ओठ मिटूनच म्हणायची असते ती चाल, असं नंदिनी सांगायला गेली. आणि कशी असते ते दाखवायला तिने ओठ मिटले. काहीच आलं नाही. सुरुवात नाही, शेवट नाही. मग ती म्हणाली, चहा सांगा कोणीतरी.

७

घरी आल्यावर तिने अंकुशला फोन लावला. अवेळी फोन आला म्हणून तो आधी घाबरला. तिने विचारलं, इस्त्री करताना आई काय गुणगुणायची रे, आठवते का?

“गुणगुणायची खरी,” अंकुश म्हणाला. “पण चाल मले कुठची आठवते, ताई. ते तर तुह्याच जवळ होती.”

त्याने सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. ती म्हणाली ठीक आहे. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ रडली. इतकी ती आई गेली तेव्हाही रडली नव्हती. आई दुसऱ्यांदा गेली होती आणि या खेपेला मागे काही ठेवून गेली नव्हती. आणि जो आवाज मंगळवारी पहिल्यांदा आपला म्हणून भेटला होता, तोही तिच्यासोबत गेला होता.

शुक्रवारी अकराला तिने कूलर बंद केला. खरं तर गायची इच्छा नव्हती, पण त्या तासाला दुसरं करणार काय? ती उभी राहिली, ‘लेट गाडीचं गाणं’ धरलं आणि आपल्याच गळ्यातून मेबलला हुबेहूब गाताना ऐकत दुसऱ्या कडव्याच्या शेवटाला आली. थांबली. मान डावीकडे वळवली.

स्वयंपाकघरातून गुणगुण ऐकू आली.

पहिल्या मात्रेपासून. मिटल्या ओठांची, जाडसर, जराशी नाकातली. तिची स्वतःची. नंदिनीने खुर्चीची पाठ धरली. दाराच्या चौकटीतून ओट्याचा एक कोपरा दिसत होता आणि ओट्याशी पाठमोरं उभं राहिलेल्या कोणाचा तरी उजवा खांदा. खांदा चालीबरोबर हलत होता. चौदा, पंधरा, सोळा. सवयीने नंदिनीचं तोंड उघडलं, गाण्याचा पुढचा शब्द बाहेर पडला आणि गुणगुण मिटली. ओट्यापाशी कोणी नव्हतं. गॅसवर वरणाचं पातेलं होतं, झाकलेलं.

तिने गाणं तिथेच सोडलं आणि पहिल्यापासून पुन्हा धरलं. पुन्हा सोळा मात्रा. मग पुन्हा. बारा वाजून गेले, एक वाजला. खाली नीलाताईंनी कधी नव्हे ते जिन्यातून हाक मारून पाहिली, बरं आहे ना म्हणून. नंदिनीने ओ दिली आणि पुन्हा गाणं धरलं. अडीच मिनिटं मेबल व्हायचं, मग सोळा मात्रा स्वतःला ऐकायचं. घसा बसत चालला होता. असं किती दिवस चालणार, याचा हिशेब तिने केला. गळा आणखी पाच वर्षं टिकेल, फार तर सात. त्यानंतर तिला त्या जागेपर्यंत कोण नेणार होतं?

तिसाव्या की चाळिसाव्या खेपेला जागा आली तेव्हा ती पुरती दमलेली होती. गुणगुण सुरू झाली. आज पहिल्यांदाच नंदिनीच्या लक्षात आलं, की सोळाव्या मात्रेला ती चाल संपत नाही. ती पुढे जायला वळते. लहानपणी व्हरांड्यात आई ती तासन्‌तास गुणगुणायची, सोळा मात्रांवर काही थांबायची नाही. सोळावर तोडली होती ती नंदिनीने, बोटांवर मोजून, मेबलच्या मापात बसवायला.

बारा. तेरा. बाहेर काहीच वाजत नव्हतं. चौदाव्या मात्रेला ओट्याशी उभ्या असलेल्या बाईचा खांदा जरासा फिरला. पंधराव्याला तिच्या कानाची पाळी दिसली, गालाची कड दिसली. नंदिनीला भीती वाटत होती आणि तरी तिथून नजर काढावीशी वाटत नव्हती. गाण्याचा पुढचा शब्द जिभेवर येऊन बसला होता.

सतरावी मात्रा आली. नंदिनीने तोंड उघडलं नाही.